बीडचा माणूस दैववादी म्हणून आयुर्विमा घेत नाही? (थ्रेड)

१/ “मराठवाड्यातला शेतकरी दैववादी, म्हणून तो आयुर्विमा उतरवत नाही.” हे विधान इतक्या वेळा ऐकू येते की ते इतिहासाचा निष्कर्ष वाटू लागते. प्रत्यक्षात इतिहास उलट साक्ष देतो. विमाच दीर्घकाळ बीडकडे फिरकला नाही.

२/ आधी तत्त्व. एका माणसाचा मृत्यू केव्हा येईल हे सांगता येत नाही; हजारोंच्या समूहात वर्षाकाठी किती मृत्यू होतील याचा अंदाज मात्र बांधता येतो. सर्वांनी थोडा हप्ता भरायचा. ज्या घरचा कर्ता गेला त्या घराला ठरलेली रक्कम मिळते. विमा उतरतो तो थांबणाऱ्या मिळकतीचा.

३/ १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल ही आयुर्विमा कंपनी निघाली, ती प्रामुख्याने युरोपीयांसाठी. पुढे कंपन्या हिंदी लोकांचा विमा उतरवू लागल्या तरी त्यांच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने त्यांना सामान्य दराने विमा दिला.

४/ १ फेब्रुवारी १८८४ रोजी टपाल आयुर्विमा सुरू झाला, तो टपाल खात्याच्या नोकरांसाठी. ग्रामीण जनतेसाठी टपाल विमा आला २४ मार्च १९९५ रोजी. मधली १११ वर्षे कोणाच्या दैववादाच्या खात्यावर मांडायची?

५/ बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. निजाम सरकारने १९०७ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन निधी उभारला. पुढे त्यातून राज्याचा आयुर्विमा निधी घडला. लाभार्थी पुन्हा सरकारी नोकरच. त्यांचा हप्ता पगारातून कापता येई. कोरडवाहू कुणब्याचा कशातून कापणार?

६/ १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा संस्था एकत्र येऊन १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. खेड्यापर्यंत पोहोचणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट. हप्त्याची रचना मात्र नियमित उत्पन्न गृहीत धरणारीच राहिली.

७/ बीडचे ऊसतोड मजूर जोडपे, म्हणजे ‘एक कोयता’, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेते. न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते. कर्ता गेला तरी तगादा घराकडेच येतो. विम्यात मृत्यूनंतर घरात पैसा येतो. इथे देणे उरते. मरणोत्तर जबाबदारी काय असते, हे या घरांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

८/ आक्षेप येईल: आता तर जीवनज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते! खरे आहे, आणि ते घ्यावेच. पण हप्ता मेअखेरीस बँक खात्यातून आपोआप कापला जातो. खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण तुटते. हंगाम संपलेला असतो आणि बी-बियाण्याची जुळवाजुळव सुरू असते ती याच दिवसांत.

९/ आणि पीकविमा? २०२० च्या खरिपात बीडसाठी खासगी विमा कंपन्या पुढे येईनात. अखेर सरकारी कृषी विमा कंपनीमार्फत ८०:११० चे सूत्र आले: ११० टक्क्यांवरील भरपाईचा भार राज्यावर, कमी भरपाई झाल्यास कंपनीला २० टक्के ठेवून उरलेला हप्ता राज्याला परत. हाच तो ‘बीड पॅटर्न’.

१०/ जोखीम पाहून कंपनी मागे सरते तेव्हा तिला व्यवहारचतुर म्हणतात. शिल्लक पाहून मजूर मागे सरतो तेव्हा त्याला दैववादी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तरी हा दुटप्पी न्याय स्वीकारू नये.