लेकराची छबी कुणाच्या मालकीची?

सॅली मान या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९९२ साली आपल्या तीन मुलांच्या छायाचित्रांचा ‘इमिजिएट फॅमिली’ हा संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हापासूनचा वाद केवळ नग्नतेभोवती घुटमळतो आहे. २०२५ च्या आरंभी टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या आधुनिक कला संग्रहालयातून पोलिसांनी त्यांची काही छायाचित्रे जप्त केली. मार्चमध्ये ग्रँड ज्यूरीने कोणावरही आरोप ठेवला नाही. कलाप्रेमींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मूळ प्रश्न होता तिथेच राहिला.

या भांडणात आपण पोलिसांची बाजू घेण्याचे कारण नाही. उघड्या देहाची ख्रिस्तसभेला धास्ती असती, तर सिस्टीन चॅपेलच्या भिंतींना केव्हाच चुना फासला गेला असता. (तिथल्या आकृतींवर पुढे वस्त्रे रंगवून घेणारेही आपल्यातलेच, हे मान्य.) १९९४ साली त्याच चॅपेलमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या वास्तूला मानवी देहाच्या ईशज्ञानाचे मंदिर म्हटले. परंतु १९८१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील प्रबोधनांत त्यांनी एक भेदही स्पष्ट केला होता. चित्रकार वा शिल्पकार देहाला नवे रूप देतो. कॅमेरा मात्र एका विशिष्ट, जिवंत व्यक्तीचा देह अनोळखी नजरांपुढे ठेवतो. मायकेलअँजेलोने रंगवलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे नव्हते. मान यांच्या मुलांना होते.

छायाचित्रे उत्तम आहेत, यात शंका नाही. मला खटकते ते ‘ओला बिछाना’ या अर्थाच्या शीर्षकाचे १९८७ मधील छायाचित्र. धाकटी मुलगी गाढ झोपली आहे, गादीवर डाग पसरला आहे. जी गोष्ट कोणतीही आई शेजारणीलाही कळू देत नाही, ती येथे दालनात टांगली गेली. झोपलेल्या मुलीने संमती कशी द्यावी?

मुलांना नको ते छायाचित्र वगळण्याची मुभा होती, असे समर्थक सांगतात. होती. पण दहा वर्षांचे मूल आईला नकार देते तेव्हा ते कोणत्या तराजूत तोलते? आईची खुशी आणि आईची नाराजी, एवढेच. प्रकाशन दहा वर्षे लांबणीवर टाकावे, असे स्वतः मान यांच्याही मनात आले होते. मुलांनीच हट्ट धरला, मानसतज्ज्ञाचा सल्ला घेतला गेला आणि पुस्तक निघाले. मुलांच्या हट्टापायी आपण त्यांना विहिरीच्या काठावर खेळू देतो काय? पुढे एक अनोळखी इसम वर्षानुवर्षे या कुटुंबाच्या मागे लागला, मुलांच्या शाळेकडेही चौकशा करू लागला. ही हकिगत मान यांनीच २०१५ साली लिहिली आहे.

‘मी जन्म दिला, म्हणून हक्क माझा’ हा युक्तिवाद आपल्याही घरांत नवा नाही. स्नानसंस्काराचे, प्रथम ख्रिस्तशरीराचे फोटो एकवेळ ठीक. पण रडवेल्या, उघड्या लेकराचा फोटो मोबाईलवरून साऱ्या गावभर फिरवणारे आईबाप आपल्या धर्मग्रामांतही आहेत, आणि त्यांना कलेची सबबही नाही. १९९२ मध्येच प्रसृत झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ पालकांना बजावतो, की मुले ही देवाची लेकरे आहेत आणि व्यक्ती म्हणून त्यांचा मान राखला पाहिजे. आईबाप राखणदार आहेत, मालक नव्हेत.

म्हणून संग्रहालयांकडे मागणी एकच असावी: ज्याचे बालपण भिंतीवर लावायचे, तो सज्ञान होईपर्यंत थांबा; मग त्यालाच विचारा, आणि आईच्या गैरहजेरीत विचारा.