शेत आपलं, नोंद कुणाची?

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. 2025 च्या सुरुवातीला त्याचा बराच गाजावाजा झाला. तेव्हापासून वाळूज-गंगापूरकडचे ऊसवाले विचारतात, "साहेब, आपल्याकडं कधी?"

यावी, हरकत नाही. पण देशी ज्वारीचं बी आपण घरी राखतो, भावकीत वाटतो. संकरित कपाशीची थैली मात्र दरसाल विकत आणतो. सॉफ्टवेअरचंही तसंच असतं. काहींची रचना खुली असते, ती कुणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. काहींची किल्ली कंपनीकडंच राहते. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये फार्मव्हाइब्ज हे शेतीचं सॉफ्टवेअर खुलं केलं, हे कबूल केलंच पाहिजे. पण बी खुलं आणि गोदाम कंपनीचं, अशी गत! जमिनीची ओल, पिकाची वाढ, सगळ्या नोंदी साठतात कंपनीच्या भाडोत्री संगणकांवर. उद्या भाडं परवडलं नाही तर?

कंपनीच्या नावानं नुसती बोंब मारणाऱ्यांचंही मला पटत नाही. एवढा पसारा उभारायला पैसा लागतो. राज्याने जून 2025 मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून 500 कोटींची तरतूद केली. पैसा जनतेचा, मग त्यातून होणारं सॉफ्टवेअर खुलं हवं आणि आपल्या शेताची नोंद दुसरीकडं नेता येईल अशी हाती मिळायला हवी. बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा हक्क 2001 च्या कायद्याने दिलाच आहे. नोंदींसाठीही तसाच ठराव येत्या ग्रामसभेत मांडा. मसुदा लिहायला मी येतो.