नॉर्वेचा पाऊस, चिलीचं कोरडं आभाळ

मैत्रिणींनो, मुलांचं नकाशाचं पुस्तक घरात असतंच. दुपारची झाकपाक झाली की ते काढा आणि जगाचा नकाशा उघडा. अगदी वर, युरोपच्या माथ्यावर नॉर्वे दिसेल. आता बोट खाली आणा, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठाला. तिथं चिली. दोन्ही देश परकराच्या नाडीसारखे लांब आणि चिंचोळे. चिलीची लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर, पण रुंदी सरासरी १८० किलोमीटरच्या आसपास. नॉर्वे लांबीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण उत्तरेला एका ठिकाणी समुद्रापासून स्वीडनच्या हद्दीपर्यंत जेमतेम सहा-सात किलोमीटर अंतर आहे. सकाळी पायी निघालं तर स्वयंपाकाच्या वेळेला परत घरी!

दोन्हींच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला महासागर. नॉर्वेच्या जवळजवळ सगळ्या पश्चिम किनाऱ्याला आणि चिलीच्या दक्षिण टोकाकडे हिमनद्यांनी दऱ्या कोरल्या आणि पुढे त्यांत समुद्र शिरला. त्यांना फियॉर्ड म्हणतात. नॉर्वेचा सोग्ने फियॉर्ड तर दोनशे किलोमीटर आत घुसलेला आहे आणि काही ठिकाणी १,३०० मीटरपर्यंत खोल.

इथवर बहिणी-बहिणी वाटतात, नाही का? पण पुढे स्वभाव निराळे.

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. विषुववृत्तापासून जितकं लांब तितकी थंडी जास्त, हे मुलींना तोंडपाठ असतं. आता बघा हं. नॉर्वेचं बर्गन शहर ६० अंश उत्तरेला, तर चिलीचं पुंता अरेनास ५३ अंश दक्षिणेला. म्हणजे बर्गन जास्त लांब. तरी ऐन हिवाळ्यात दोन्हीकडे थंडी साधारण सारखीच, आणि उन्हाळ्यात तर बर्गनच अधिक उबदार! कारण पाणी. अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून वर जातो. ७० अंशांच्याही पलीकडचं हॅमरफेस्ट बंदर त्याच्यामुळे हिवाळ्यात गोठत नाही. चिलीच्या दक्षिणेला मात्र अंटार्क्टिकाभोवतीच्या गार पाण्याचा वेढा. तेच पाणी किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला सरकतं, त्याला हम्बोल्ट प्रवाह म्हणतात. एकीकडे चुलीवरून येणारं वारं, दुसरीकडे माठावरून येणारं, असं समजा ना.

चुलीवरच्या वाऱ्यात वाफ असणारच. ते डोंगराला अडलं की पाऊस. बर्गनला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या मुंबईइतका म्हणा. फरक एवढाच, की मुंबईचा चार महिन्यांत उरकतो आणि बर्गनचा बारा महिने चालू. कपडे वाळवायचे कधी, हा तिथल्या बायकांनाच विचारण्यासारखा प्रश्न आहे!

चिलीच्या उत्तरेला उलट. गार पाण्यावरची हवा गारच राहते, वर चढत नाही, म्हणून ढग पाऊस देत नाहीत. पूर्वेकडून येणारा ओलावा अँडीज पर्वत अडवतो. मधे राहतं अटाकामाचं वाळवंट. तिथल्या अरिका शहरात ऑक्टोबर १९०३ पासून जानेवारी १९१८ पर्यंत पावसाचा थेंब नव्हता. चौदा वर्षं! त्या काळात जन्मलेल्या लेकरांना पाऊस म्हणजे काय हे ऐकूनच ठाऊक असणार.

नॉर्वेकडे आणखी थोडं. लोफोटेन बेटांवर फेब्रुवारी ते मे कॉड मासे लाकडी मांडवांवर टांगून वाळवतात. आपल्या कोकणात बोंबील वाळवतात तसेच, पण ऊन नाही, मीठही नाही. नुसता गार वारा. याच माशाच्या काळजातून कॉड लिव्हर ऑईल निघतं. त्याचा वास आठवून तुमच्यापैकी कितीजणींनी आत्ता नाक मुरडलं असेल! उत्तरेत हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही, मग ड जीवनसत्त्व मिळायचं कुठून? ज्या महिन्यांच्या नावात 'र' आहे त्या महिन्यांत मुलांना या तेलाचा चमचा द्यायचा, अशी तिथल्या घरांतली जुनी रीत. त्यांच्या भाषेत सप्टेंबर ते एप्रिल या सगळ्या नावांत 'र' येतो. मला हा हिशेब फार आवडला.

चिलीशी तर आपला बाजारातच संबंध येतो. मे-जूनमध्ये सफरचंदं आणि किवी मिळतात, त्यांवरचं चिटुकलं लेबल वाचा. बरेचदा चिलीचं नाव असतं. विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे, म्हणून आपला उन्हाळा सुरू होतो तेव्हा त्यांची सुगी असते. अर्थात ही फळं देशाच्या मधल्या भागातली. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि बागांना डोंगरावरच्या बर्फाचं पाणी मिळतं.

आणि नेमकं तेच आटत चाललंय. २०१० पासून मध्य चिलीत वर्षानुवर्षं पाऊस कमी पडला. पेतोर्का नावाच्या खोऱ्यात नदी कोरडी, गावात टँकर, आणि वर डोंगरउतारावर परदेशी पाठवायच्या ॲव्होकाडोच्या हिरव्यागार बागा. टँकरची वाट पाहणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कितीतरीजणींना सांगायला नको. तिथल्या १९८१च्या कायद्यानं पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे काढून विकता-विकत घेता येतील असे केले होते. ज्याच्याकडे पैसा त्याची विहीर खोल.

त्याच देशात चुंगुंगो नावाचं कोळ्यांचं लहानसं गाव आहे. त्यालाही पाणी टँकरचंच होतं. वरच्या डोंगरावर धुक्याच्या वाटेत मोठमोठ्या जाळ्या उभ्या केल्या आणि १९९२ मध्ये त्यांचं पाणी गावाला मिळू लागलं. समुद्रावरून येणारं धुकं जाळीला लागतं, थेंब होतात, ते पन्हळीत गळतात आणि नळानं गावात. दिवसाला सरासरी १५,००० लिटर पाणी, ना पंप ना वीज! बायकांनी दारात भाज्या लावल्या. पण जाळ्या वाऱ्यानं फाटतात, त्या शिवत राहाव्या लागतात. त्या कोणी शिवायच्या हे नीट ठरलं नाही आणि दहाएक वर्षांत गाव पुन्हा टँकरवर आलं. गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या हाती ते काम दिलं असतं तर, असं माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

२०२२ मध्ये चिलीनं कायदा बदलला. पिण्याचं आणि घरवापराचं पाणी आधी, बागा नंतर, असं त्यात लिहिलं. आधी दिलेले बरेचसे हक्क मात्र मालकांकडेच राहिले.