संक्रांतीचे वाण घरीच शिवावे

बुलढाणा जिल्हा कपाशीचा; खामगावची कापसाची बाजारपेठ जुनी व नामांकित. तरीही कापूस पिकविणाऱ्या अनेक घरांतून संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लास्टिकच्या वस्तू लुटल्या जातात, ही विसंगती होय. जुन्या सुती लुगड्याच्या धड भागातून बटवा, पिशवी वा बाळाची कुंची सहज शिवता येते. पिशवीच्या कडा दुमडून दुहेरी टीप घालावी व बंदांच्या टोकांशी चौकोनी टीप मारावी, म्हणजे ओझ्याने ते उसवत नाहीत. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने असे वाण आठवडी बाजारातही उपयोगी पडते. मात्र विक्रीसाठी शिवताना कापड-दोऱ्याबरोबर शिवणारीच्या वेळेचेही मोल धरावे. ग्राम कार्यकर्त्यांनी हा हिशेब बचत गटांपुढे अवश्य मांडावा. फुकट मानलेल्या श्रमांतून घराची उन्नती साधत नाही.