आवाज मोजा, आवाज करणारा नको

अमेरिकेत लॉस एंजेलिसला लागून, समुद्रकाठी सांता मोनिका नावाचे शहर आहे. तिथल्या छोट्या विमानतळाला ३१ डिसेंबर २०२८ नंतर कायमचे टाळे लावण्याची मुभा त्या शहराच्या नगरपरिषदेला मिळाली आहे. एका बाजूला स्वतःची लहान विमाने उडवणारे वैमानिक, उड्डाण शिकवणाऱ्या शाळा आणि दुरुस्तीची गॅरेजे. दुसऱ्या बाजूला धावपट्टीच्या टोकापासून हाकेच्या अंतरावर राहणारी कुटुंबे. वाद आवाजाचा, आणि तो अर्धशतकाहून जुना.

हा विषय आपल्या मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. आवाजाचा वाद आपल्याही दाराशी आहे. पण तो सुरू झाला की आपण लगेच एका बाजूला ओढले जातो. भोंगा म्हटले की धर्म आला, पक्ष आला, राग आला आणि भीतीही आली. सांता मोनिकाच्या वादात यातले काहीच नाही. त्यामुळे आवाजाच्या वादात कोणते म्हणणे टिकते आणि कोणते गळून पडते, हे तिथे स्वच्छ दिसते.

आधी वैमानिकांची बाजू नीट ऐकू या, कारण ती हलकी नाही. हा विमानतळ एकेकाळी क्लोव्हर फील्ड म्हणून ओळखला जाई. विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली मोहीम मार्च १९२४ मध्ये इथूनच निघाली. डग्लस कंपनीचा कारखाना इथला. जगभर गाजलेले डीसी-३ विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी याच धावपट्टीवरून प्रथम उडाले. दुसऱ्या महायुद्धात हजारो कामगार इथे विमाने बांधत होते आणि त्यांच्यासाठीच आसपास घरे उभी राहिली. त्यामुळे वैमानिक म्हणतात: आम्ही आधीपासून इथे आहोत. तुम्ही घर घेतले तेव्हा विमानतळ तुम्हाला दिसत होता. शिवाय भूकंपाच्या प्रदेशात रस्ते तुटले तर मदत कुठे उतरणार? नवे वैमानिक कुठे शिकणार?

आता रहिवाशांची बाजू. त्यांच्या वाडवडिलांनी घरे घेतली तेव्हा पंख्याची विमाने होती. १९६० च्या दशकात जेट आली आणि आवाजाची जातच बदलली. ‘आम्ही आधीपासून आहोत’ हे म्हणणे विमानतळाला लागू असेल, पण जेटला कसे लागू होईल? लोकांनी १९६७ मध्ये शहरावर नुकसानभरपाईचा दावा लावला. मग १९७५ मध्ये नगरपरिषदेने जेट विमानांवर सरसकट बंदी घातली.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विमानतळ वापरणाऱ्यांच्या संघटनेने शहराच्या नियमांना केंद्रीय न्यायालयात आव्हान दिले. १९७९ मध्ये निकाल लागला. रात्रीची उड्डाणबंदी न्यायालयाने कायम ठेवली. एका उड्डाणाच्या आवाजाला घातलेली डेसिबलची मर्यादाही कायम ठेवली. सुट्टीच्या दिवशी सरावासाठी वारंवार उतरून लगेच पुन्हा उडण्यावरची बंदीसुद्धा टिकली. फक्त एक गोष्ट रद्द झाली, ती म्हणजे जेटवरची सरसकट बंदी. कारण नव्या पद्धतीच्या काही जेटचा आवाज परवानगी असलेल्या पंख्याच्या काही विमानांपेक्षा जास्त नव्हता. मग त्यांना केवळ ‘जेट’ म्हणून हाकलणे हा भेदभाव ठरतो. १९८१ मध्ये अपिलातही आवाजाच्या मर्यादा टिकल्या.

या निकालाचा अर्थ एका ओळीत सांगता येतो. मर्यादा आवाजाला घालता येते, आवाज करणाऱ्याच्या जातकुळीला नाही. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी: जो मर्यादा मोडतो, त्याला आपल्या जातकुळीच्या आड लपता येत नाही.

पुढे १९८४ मध्ये शहर आणि केंद्रीय विमान वाहतूक प्रशासन यांच्यात करार झाला. एका उड्डाणाच्या आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल ठरली. (ही मोजणी संपूर्ण उड्डाणाच्या आवाजाची एकत्रित असते. आपल्याकडच्या भोंग्याच्या आकड्याशेजारी ती जशीच्या तशी ठेवता येत नाही.) धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना मोजयंत्रे बसली. मर्यादा मोडणाऱ्याला आधी ताकीद, मग दंड. कोणाच्या विमानाने किती आवाज केला, किती तक्रारी आल्या, याची नोंद शहर जाहीर करू लागले. वैमानिकांसाठी शेजारधर्माच्या सूचना निघाल्या: उडाल्यावर घरांऐवजी गोल्फच्या मैदानावरून जा, समुद्रकिनारा येईपर्यंत वळू नका. अनेक वैमानिकांनी त्या मनापासून पाळल्या.

तरीही ते हरले. का?

एक कारण असे की मोठी खासगी जेट वाढत गेली आणि छोट्या विमानांच्या वैमानिकांनी त्यांच्यापासून स्वतःला वेगळे काढले नाही. मोठ्या जेटवर शहराने २००८ मध्ये पुन्हा बंदी घातली. केंद्रीय प्रशासन विरोधात गेले आणि २०११ मध्ये न्यायालयात शहर हरले. वैमानिकांच्या बाजूला तो विजय वाटला. पण पलीकडच्या घरांत लोकांनी वेगळाच निष्कर्ष काढला: यांना आवर घालता येत नसेल, तर विमानतळच नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान झाले. वैमानिकांच्या पाठिंब्याचा प्रस्ताव होता की मतदारांच्या संमतीशिवाय विमानतळ बंद करू नये. प्रचार असा की विमानतळ गेला तर जागा बिल्डरांच्या घशात जाईल. शहराने समोर दुसरा प्रस्ताव ठेवला: बंद करण्याचा अधिकार परिषदेला, पण त्या जागेवर उद्याने आणि मैदानेच होतील, बाकी काही करायचे तर मतदारांना विचारावे लागेल. वैमानिकांचा मुख्य मुद्दाच त्याने काढून घेतला. शहराचा प्रस्ताव जिंकला.

जानेवारी २०१७ मध्ये केंद्रीय प्रशासनानेच शहराशी तडजोड केली. ४,९७३ फुटांची धावपट्टी ३,५०० फुटांवर आणायची, जेणेकरून मोठ्या जेटना उतरताच येणार नाही. आणि २०२८ अखेर शहर मोकळे. ज्या केंद्राच्या भरवशावर वैमानिक इतकी वर्षे निर्धास्त होते, त्यानेच हात काढून घेतला. कायद्याच्या कागदावर तुमचा हक्क कितीही पक्का असो, शेजाऱ्याची सहनशक्ती संपली की तो कागद फार काळ साथ देत नाही.

मात्र कोणाची सहनशक्ती संपलेली ऐकू येते, हाही प्रश्न आहे. सांता मोनिका सुखवस्तू शहर आहे. त्याच राज्यात सॅन होजे शहराच्या पूर्व भागात रीड-हिलव्ह्यू नावाचा असाच छोटा विमानतळ आहे. भोवती बहुतांश मेक्सिकोतून व लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती. तिथे आवाजासोबत शिशाचाही प्रश्न होता, कारण लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसे असते. २०२१ मध्ये स्थानिक प्रशासनाने करून घेतलेला अभ्यास आला: विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक. १ जानेवारी २०२२ पासून तिथे शिसेयुक्त इंधनाची विक्री थांबली. वैमानिकांच्या संघटनांनी सुरक्षिततेचा मुद्दा काढून आक्षेप घेतला. इंजिनाला चालणारे इंधन मिळाले नाही तर अपघात होतील, असे त्यांचे म्हणणे. तो मुद्दा खोटा नव्हता. पण मुलांच्या रक्ताचा अहवाल समोर असताना तो लोकांच्या गळी उतरला नाही. विमानतळ अजून सुरू आहे.

हे वाचताना मला मुंबईतली जरीमरी आठवते, कुर्ल्याची टोके आठवतात. तिथे पत्र्याच्या छपरांवरून दिवसरात्र विमाने जातात. आपली किती माणसे तिथे राहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलांच्या झोपेची मोजणी कोण करतो? आवाजाने त्रासलेला नागरिक म्हणून आपली नोंद सहसा होत नाही. आवाज करणारा म्हणून मात्र पटकन होते.

आणि म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगे बंद. भोंग्याला लेखी परवानगी हवी. प्रार्थनेच्या नावाखाली इतरांची शांतता बिघडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले, आणि तो खटला मशिदीचा नव्हता, एका चर्चचा होता. एप्रिल २०२२ मध्ये मशिदींवरच्या भोंग्यांना राजकीय मुदत दिली गेली. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ला-चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा म्हटले की भोंगा हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, आणि पोलिसांनी तक्रार करणाऱ्याचे नाव उघड न करता कारवाई करावी.

आपल्यातली पहिली प्रतिक्रिया सांता मोनिकाच्या वैमानिकांसारखीच असते. मशीद जुनी आहे, तुमची सोसायटी नवी. बाकीच्यांचा डीजे चालतो, आमची पाच मिनिटांची अजान चालत नाही. तक्रारीमागे द्वेष आहे. यातले बरेचसे खरे आहे. काही तक्रारींमागे द्वेष नक्कीच असतो, जसे तिकडच्या वादात जमिनीचा भाव डोकावत राहिला. पण हेतू शुद्ध नसला म्हणून मोजयंत्रावरचा आकडा बदलत नाही. मशीद शंभर वर्षांची असेल, चार कर्णे शंभर वर्षांचे नाहीत. हजरत बिलाल यांनी अजान दिली ती गळ्याने. अजान आपली आहे, ॲम्प्लिफायर बाजारातला आहे.

आणि तरीही शरणागती पत्करा, असे मी म्हणत नाही. उलट १९७९ च्या त्या निकालातला अर्धा भाग आपली ढाल आहे. कुणी ‘मशिदींवरचे भोंगे उतरवा’ म्हणत असेल, तर तो जेटवरच्या सरसकट बंदीसारखाच नियम मागतो आहे. त्याला आपले उत्तर असे हवे: डेसिबल मोजा. मशिदीत मोजा, मंडपात मोजा, लग्नाच्या वरातीत मोजा, ईद-ए-मिलादच्या जुलूसमधल्या डीजेपाशी मोजा, राजकीय सभेत मोजा, रात्री चालणाऱ्या बांधकामावर मोजा. ‘आवाज फाउंडेशन’च्या सुमैरा अब्दुलाली यांनी मुंबईत वर्षानुवर्षे हेच केले. हातात मोजयंत्र घेतले आणि सण कोणाचा आहे हे न पाहता आकडे जाहीर केले.

पण सगळीकडे मोजा असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याचा स्वतःचा आकडा मर्यादेत आहे. त्यासाठी तरुणांनी आपापल्या जमातीत आणि ट्रस्टींपुढे काही साध्या गोष्टी ठेवाव्यात. परवानगीचा कागद वेळेवर नूतन करा. कर्ण्यांची संख्या कमी करा, त्यांची तोंडे समोरच्या खिडक्यांवरून वळवा. आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाणारच नाही असे यंत्र बसवा. शेजारी चार मशिदी असतील तर भोंग्यावरची अजान एकाच मशिदीतून होऊ द्या. सकाळी ६ च्या आधीची फजरची अजान भोंग्याविना द्या. दारावर एक फोन नंबर लावा, म्हणजे आजारी माणसाच्या घरच्यांना आधी आपल्याकडे येता येईल, पोलिसांकडे जावे लागणार नाही. पोलीस मोजणी करतील तेव्हा आकडा लेखी मागा. आणि त्याच ठाण्याने इतर कार्यक्रमांत काय मोजले, हे माहिती अधिकारात विचारा.

याशिवाय आणखी एक काम करा, जे आपण क्वचितच करतो: तक्रारदार व्हा. आपल्या वस्तीतली मुले दहावीच्या परीक्षेच्या रात्री डीजेखाली अभ्यास करतात, म्हातारी माणसे कानात कापूस घालतात. तो डीजे कधी शेजारच्या मंडळाचा असतो, कधी आपल्याच लग्नाचा. दोन्ही वेळी फोन करा. कायदा आपल्याविरुद्धच वापरला जातो, अशी आपली तक्रार असते. तो आपल्यासाठी वापरायला सुरुवात केली, तर त्याचा रोखही हळूहळू सर्वांकडे वळेल.

शेजाऱ्याचा हक्क, माणसांचे हक्क, हुकूक-उल-इबाद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संविधानाने तीच गोष्ट नागरिकाच्या भाषेत सांगितली. सांता मोनिकाच्या वैमानिकांकडे परवाने होते, करार होते, शंभर वर्षांचा इतिहास होता. कमी पडला तो शेजारी. येत्या जुम्म्याला नमाजनंतर ट्रस्टींशी दहा मिनिटे बोला, आणि सोबत एक मोजयंत्र न्या.