दोन छोटी कर्जे आणि चार जाड तारा

१९३८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फुलर्टन या गावी, नोकरी गेलेल्या एका हिशेबनिसाने सहाशे डॉलर उसने घेऊन रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. पुढे १९५९ च्या जानेवारीत, तेथून फार दूर असलेल्या डेट्रॉइट शहरात, रेकॉर्डविक्रीच्या धंद्यात एकदा बुडालेल्या एका तरुणाने घरच्या सामायिक बचतीतून आठशे डॉलरचे कर्ज काढले. दोन्ही रकमा किरकोळ. पहिल्या कर्जातून उभ्या राहिलेल्या कारखान्याने जगाला बेस गिटार हे वाद्य दिले. दुसऱ्यातून मोटाउन ही संगीत कंपनी जन्मास आली. पहिल्याने घडविलेले वाद्य दुसऱ्याच्या स्टुडिओत बसून ज्यांनी वाजविले आणि ज्यांच्या बोटावर त्या कंपनीची गाणी तोलली गेली, त्या जेम्स जेमर्सन यांचे नाव मात्र दीर्घकाळ कोणत्याच वहीत नव्हते.

लिओ फेंडर हे त्या हिशेबनिसाचे नाव. त्यांनी शिक्षण घेतले हिशेबशास्त्राचे. रेडिओ आणि विजेची यंत्रे हा छंद. नवलाची गोष्ट अशी की ज्यांच्या नावाच्या गिटारी जगभर विकल्या गेल्या, त्या फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती आणि ती त्यांनी अखेरपर्यंत शिकलीही नाही. त्यांचे भांडवल वेगळे होते. दुकानात दुरुस्तीसाठी येणाऱ्या वादकांच्या तक्रारी ते मन लावून ऐकत. त्या काळी वाद्यवृंदातील खालचे सूर ‘डबल बेस’ या माणसाहून उंच अशा वाद्यावर वाजत. ते मोटारीत मावत नसे, कार्यक्रमाच्या गलक्यात ऐकू येत नसे, आणि त्याच्या दांडीवर पडदे नसल्याने बोट जरासे सरकले की सूर ढळे. १९५१ मध्ये फेंडर यांनी गिटारीसारखे गळ्यात अडकवून वाजविता येणारे, चार तारांचे, पडदे असलेले विजेवरचे वाद्य बाजारात आणले. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून त्याचे नाव ‘प्रिसिजन बेस’. नव्या वाद्यांचे नमुने ते आसपासच्या वादकांच्या हाती देत. वादक ते घेऊन कार्यक्रमात वाजवीत आणि उणिवा सांगायला परत येत. गिऱ्हाइकाच्या कुरकुरीवर माल सुधारण्याची ही रीत व्यापारी घराण्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १९६५ च्या आरंभी सीबीएस या कंपनीने फेंडर यांचा व्यवसाय एक कोटी तीस लाख डॉलर मोजून विकत घेतला.

या वाद्याचे काम काय, हे शब्दांत सांगणे थोडे कठीण आहे. तबलजीचा डग्गा काढून घेतला तर नुसत्या तबल्याची जी अवस्था होईल, तशीच काहीशी बेस काढून घेतलेल्या गाण्याची होते. बेस तालाला धरून असतो आणि सुरालाही. ढोल आणि गायक यांच्या मधला तो दुवा. सामान्य श्रोत्याला तो वेगळा ऐकू येत नाही. बंद पडला तरच काहीतरी हरवल्याचे जाणवते.

आता दुसरे कर्ज. बेरी गॉर्डी यांच्या डेट्रॉइटमधील कुटुंबात एक सामायिक निधी होता. प्रत्येकाने दरमहा दहा डॉलर घालावेत आणि गरजवंताने सर्वांच्या संमतीने त्यातून उचल करावी, अशी आपल्याकडील भिशीला जवळची व्यवस्था. गॉर्डी तेव्हा एकोणतीस वर्षांचे. मोटार कारखान्यात नोकरी झाली होती, रेकॉर्डचे दुकान बंद पडले होते, गाणी लिहून पोट भरत नव्हते. थोरल्या बहिणीने परतफेडीविषयी खोदून खोदून प्रश्न विचारले आणि रीतसर लेखी कबुलीवरच पैसे हाती पडले. बहिणीचे चुकले असे कोणीही म्हणणार नाही. त्याच वर्षी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरचे २६४८ क्रमांकाचे घर घेऊन गॉर्डी यांनी त्याच्या गॅरेजमध्ये स्टुडिओ केला. छतावरून लोंबणाऱ्या वायरींमुळे वादक त्याला ‘सापांचा खड्डा’ म्हणत. मोटार कारखान्यात सांगाडा एका टोकाने शिरतो आणि दुसऱ्या टोकाने तयार गाडी बाहेर पडते. गाण्याचेही तसेच व्हावे, ही गॉर्डी यांची कल्पना. स्टुडिओ दिवसाचे बावीस तास चालू असे.

त्या खड्ड्यात बेस घेऊन बसणारे जेमर्सन १९३६ साली दक्षिण कॅरोलिना राज्यात जन्मले. लहानपणी काठीला रबर ताणून ती मुंग्यांच्या वारुळाजवळ रोवायची, छेडायची आणि मुंग्या नाचतात का ते पाहायचे, हा त्यांचा खेळ होता, अशी आठवण सांगितली जाते. १९५४ मध्ये ते डेट्रॉइटला आले आणि शाळेत डबल बेस शिकले. विजेवरचा बेस त्यांच्या हाती आला तो एका स्नेही बेसवादकाने आपला दिला म्हणून. काळ्या रंगात रंगविलेला तो बेस पुढे चोरीस गेला. मग आला १९६२ च्या बनावटीचा प्रिसिजन बेस. याच वाद्यावर पुढील दशकभरातील त्यांची बहुतेक अजरामर कामगिरी घडली.

वाद्यप्रेमी मंडळी या एका बेसविषयी तासन् तास बोलू शकतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नसते. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड, सपाट वेटोळ्याच्या तारा चढविलेल्या होत्या. तारा दांडीपासून इतक्या उंच की दुसऱ्या वादकाने हौसेने तो हाती घेतला तर बोटे दुखावीत. तारांच्या बुडाशी, धातूच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा असे. त्यामुळे स्वर लांबत न राहता पखवाजाच्या थापेसारखा भरीव उमटे आणि चटकन विरे. तारा तुटल्याशिवाय जेमर्सन त्या बदलीत नसत. तारांवर साचलेल्या मळातच नादाचे मर्म आहे, अशी त्यांची श्रद्धा. उजव्या हाताची केवळ तर्जनी ते वापरीत. डबल बेसवर जडलेली सवय त्यांनी सोडली नाही, आणि सोबत्यांनी त्या बोटाला ‘आकडा’ असे टोपणनावच दिले. स्टुडिओत त्यांच्या बेसची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलाला जोडली जाई.

त्यांनी केले काय? त्यांच्या आधी लोकप्रिय गाण्यांतला बेस दोन-तीन आधारस्वरांवर ठोका देऊन गप्प बसे. जेमर्सन रात्री डेट्रॉइटच्या क्लबांत जाझ वाजवीत, आणि तिथली मोकळीक त्यांनी दिवसाच्या तीन मिनिटांच्या गाण्यात आणली. आधारस्वरांच्या मधल्या वाटा त्यांनी शोधल्या, ठोक्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे स्वर टाकून ताल झुलविला, आणि तरीही गायकाच्या पायाखालची जमीन कधी हलू दिली नाही. ‘माय गर्ल’ हे टेम्प्टेशन्सचे गाणे बेसच्या मोजक्या स्वरांनी उघडते. लोकांना आठवते ती पाठोपाठ येणारी रॉबर्ट व्हाइट यांची चढती गिटार. परंतु ती गिटार जिथे पाय ठेवते ती पायरी जेमर्सन यांची. ज्यांना त्यांची कल्पकता एकाच ठिकाणी ऐकायची असेल त्यांनी स्टीव्ही वंडर यांचे १९६८ चे ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ ऐकावे आणि शब्दांकडे लक्ष न देता फक्त तळाशी कान लावावा. गाण्याच्या आत दुसरे गाणे चालू असल्याचे लक्षात येईल.

येथे हिशेबाचा प्रश्न येतो. आरंभी या वादकांना गाण्यामागे मोजके डॉलर मिळत. पुढे कंपनी भरभराटीला आली तसा मोबदलाही वाढला. जेमर्सन यांना आठवड्याला एक हजार डॉलरची बांधील रक्कम मिळू लागली. साठच्या दशकात ही कमाई उत्तमच म्हणावी लागेल. म्हणून ‘कंपनीने कलावंताला उपाशी ठेवले’ अशी सोपी मांडणी करणे न्यायाचे होणार नाही. मात्र गाण्याच्या पुढील विक्रीत त्यांचा वाटा नव्हता, बाहेर वाजविल्याचे उघड झाले तर दंड होई, आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावे छापली जात नसत. वेतन वेळेवर पोचत होते. थकली होती ती नोंद.

नोंद नसल्याचा परिणाम असा की लॉस एंजेलिसच्या ज्येष्ठ बेसवादक कॅरोल के यांनी काही प्रसिद्ध मोटाउन गाण्यांतील बेस आपण वाजविल्याचे पुढे सांगितले, आणि डेट्रॉइटच्या मंडळींनी ते नाकारले. वाद मिटविण्यासाठी अभ्यासकांना वादक-संघाची जुनी करारपत्रे धुंडाळावी लागली. पावती न फाडलेल्या व्यवहारावर चाळीस वर्षांनी साक्षीपुरावे गोळा करण्यासारखेच हे झाले.

मोटाउनच्या प्रमुख रेकॉर्डवर या वादकांची नावे प्रथम आली ती १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर. जेमर्सन यांचा उल्लेख तेथे ‘अतुलनीय’ या विशेषणासह आहे. या गाण्यासाठी गे यांनी त्यांना एका क्लबातून शोधून आणले. मद्यामुळे त्यांना धड बसता येईना, तेव्हा जमिनीवर उताणे पडून त्यांनी बेस वाजविला, असे त्या ध्वनिमुद्रणाच्या वाद्यसंयोजकांनी सांगून ठेवले आहे. ही कथा पुष्कळदा कौतुकाने सांगितली जाते. कौतुक बोटांचे करावे. व्यसनाचे करण्याजोगे तीत काही नाही, कारण त्याची किंमत पुढच्या बारा वर्षांत वसूल झाली.

१९७२ मध्ये कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलविला. स्टुडिओच्या दारावर लावलेल्या सूचनेवरून आपल्याला हे कळल्याचे काही वादकांनी नंतर सांगितले. जेमर्सन मागोमाग गेले, पण वर्षभरातच त्यांचा मोटाउनशी संबंध संपला. नव्या शहरात रीती बदलल्या होत्या. नव्या तारा, खणखणीत नाद, सांगितले तेवढेच वाजविणे. आणि जेमर्सन आपल्या मळक्या तारा बदलायला तयार नव्हते. कामे कमी झाली, पिणे वाढले. मार्च १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा भव्य सोहळा पॅसाडेना येथे झाला. ज्या गाण्यांचा तो उत्सव होता त्यांतील कित्येकांचा पाया घालणारे जेमर्सन स्वतः तिकीट काढून सज्जात बसले होते. त्याच वर्षी २ ऑगस्टला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधीच त्यांचा १९६२ चा बेस घरातून चोरीस गेला होता. बेरी गॉर्डी यांनी १९८८ मध्ये रेकॉर्ड कंपनी विकली, ती सहा कोटी दहा लाख डॉलरला.

थकलेली नोंद शेवटी घातली ती त्यांच्याच व्यवसायबंधूंनी. पॉल मॅकार्टनी यांनी सांगितले आहे की जेमर्सन हे त्यांचे आदर्श होते, पण त्यांचे नाव त्यांना कितीतरी उशिरा कळले. नाव ठाऊक नसताना समुद्रापलीकडचा एक नामवंत वादक केवळ कानाने एखाद्याचे शिष्यत्व पत्करतो, ही घटना लहान नव्हे. १९८९ मध्ये ॲलन स्लट्स्की यांनी जेमर्सन यांच्या बेसच्या ओळी कानाने ऐकून स्वरलिपीत उतरविल्या आणि चरित्रासह पुस्तक काढले. विसाहून अधिक नामांकित बेसवादकांनी त्या ओळी वाजवून ध्वनिमुद्रित करून दिल्या आणि आपापल्या आठवणी सांगितल्या. स्पर्धेच्या धंद्यातील माणसे एका दिवंगत सहव्यावसायिकासाठी अशी एकत्र आलेली क्वचितच दिसतात. २००० साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने साथीदार वादकांसाठी नवा विभाग सुरू केला, तेव्हा पहिल्याच तुकडीत जेमर्सन होते. दोन वर्षांनी त्या साऱ्या वादकमेळ्यावर, म्हणजे ‘फंक ब्रदर्स’वर, माहितीपट आला.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही वेगळे घडले नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे ठळक; पन्नास-साठ वादकांचा ताफा, ज्यात गोव्याहून आलेली मंडळी पुष्कळ, तो सामान्यतः निनावी. राहुलदेव बर्मन यांची गाणी तोंडपाठ असलेल्या किती घरांत त्यांचे बेसवादक टोनी वाझ यांचे नाव ठाऊक आहे? अशा वादकांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिले. आपल्या मंडळींची नोंद घ्यायला बाहेरचा लेखनिक यावा लागला, हे थोडे लाजिरवाणेच. आज मुंबईच्या मोहिनी डे या तरुण बेसवादक स्वतःच्या नावाने जगभर कार्यक्रम करतात. त्यांचे पहिले गुरू त्यांचे वडील, स्वतः स्टुडिओतील बेसवादक.

वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील त्या घरात आता संग्रहालय आहे. ला बेला कंपनीचा तो जाड तारांचा संच आजही तयार होतो आणि बेसवादकांत तो जेमर्सन यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या माणसाने तारा तुटेपर्यंत कधी बदलल्या नाहीत, त्याच्या नावावर तारांचा खप होत आहे. विकत घेणारे तरुण वादक घरी जाऊन त्यांखाली स्पंजाचा तुकडा बसवितात, आणि त्या मळण्याची वाट पाहतात.