खाड्याची नोंद

आमच्या घराण्याचा इतिहास छापायला जातो आहे. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरे, मुखपृष्ठावर फेटा बांधलेले पणजोबा. प्रस्तावना मी लिहावी असा काकाजींचा आग्रह होता. कच्चा मजकूर वाचला आणि नकार कळवला. नागपूरजवळच्या कोराडीतल्या एका कापसाच्या घराची ही कहाणी लबाडीने सांगितली आहे. मी त्याच घरचे अन्न खाऊन मोठा झालो, म्हणून हे बोलणे माझ्यावरच येते.

लबाडी पहिल्याच वाक्यात आहे : 'पूर्वजांनी घाम गाळून वैभव उभे केले.' घाम गळला, हे खरे. कोणाचा गळला, ते पुस्तकात कुठेच नाही.

आधी वैभवाचे बघू. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस बंदरांत अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसासाठी तडफडू लागल्या. भाव आभाळाला भिडले. त्याच दशकात इंग्रजांनी जमिनीचा बंदोबस्त केला आणि काल-परवापर्यंत सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक करून टाकले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला आली, 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. परक्यांचे युद्ध, परक्यांचा कायदा, परक्यांची आगगाडी. आणि पुस्तक म्हणते, खापरपणजोबांची दूरदृष्टी!

त्या युद्धाचे मूळ गुलामगिरीत होते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जमीनदारांच्या वह्यांत माणसे किमतीसह नोंदलेली असत. आज त्या माणसांचे वंशज त्याच वह्या चाळून आपले पूर्वज शोधतात. आमच्या सालदाराच्या नातवाला तेवढीही सोय नाही. आमच्या वाड्यातल्या वह्या मी पाहिल्या आहेत. लाल कापडात बांधलेल्या, कडांना वाळवी लागलेल्या. त्यांत बैलांची नावे आहेत : सर्जा, पाखऱ्या. ढेप किती घातली, शिंगे कधी रंगवली, सगळे आहे. वेचणीच्या पानावर मात्र एवढेच : 'बाया 14.' पुढच्या दिवशी 'बाया 11.' तीन बाया का आल्या नाहीत? कोणी बाळंत झाली, कोणाला ताप आला? वहीला त्याच्याशी देणेघेणे नव्हते.

वेचणी मी लहानपणी जवळून पाहिली आहे. दव उतरायच्या आत बाया तासाला लागत. कमरेला फडक्याची ओटी, पाठीवर ऊन, आणि वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला घुसत. संध्याकाळी काट्यावर कापूस घालताना त्यांच्या बोटांवरचे रक्ताचे वाळलेले ठिपके मला दिसत. कापसाला डाग लागला तर बोलणी त्यांनाच बसत. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही व्हायचे, दहीभाताचा नैवेद्य पऱ्हाटीला दाखवला जायचा. पुस्तकात त्या नैवेद्यावर दोन पाने आहेत. बोटांवर एक ओळ नाही.

आता सालदाराकडे येतो. पाडव्याला त्याचे साल धरले जाई : वर्षभराची मेहनत, ठरलेले धान्य, थोडी रक्कम. ज्या दिवशी तो आला नाही, तो दिवस 'खाडा' म्हणून कापला जाई. 1956 च्या वहीत दसऱ्याच्या तारखेपुढे लिहिले आहे : 'खाडा 1.' तो दसरा 14 ऑक्टोबरचा. त्या दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमचा सालदार कोराडीहून पायी तिकडे गेला होता. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस आमच्या घराने मजुरीतून कापून घेतला.

त्याचे पूर्ण नाव आमच्या कागदांत एकदाच येते. 1961 चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आला, तेव्हा वाड्याला अचानक त्याची आठवण झाली. काही एकर त्याच्या नावे चढले. कसणारे आम्ही, खाणारे आम्ही, सातबारावर नाव त्याचे. काही वर्षांनी एका कागदावर त्याचा अंगठा घेतला आणि जमीन पुन्हा घरात आली. मग कोराडीला औष्णिक वीज केंद्र आले. 1974 साली पहिला संच सुरू झाला. भूसंपादनाचा मोबदला ज्याच्या नावे जमीन, त्याला, म्हणजे आम्हाला. जमीन गेली, काम गेले आणि हाती दमडी आली नाही, असा माणूस एकच होता. पुस्तकात या साऱ्याला 'काळानुरूप व्यवस्थापन' म्हटले आहे. मी त्याला चोरी म्हणतो.

काकाजी म्हणाले, "जमानाच तसा होता ना बापू. घरची गोठ घरातच राहू दे." जमाना तसा होता, हे मला मान्य नाही. कमाल मर्यादेचा कायदाही त्याच जमान्याने केला होता. नीती काय असते हे तेव्हाही ठाऊक होते. म्हणूनच तर अंगठा रात्री घेतला.

दुसरे उत्तर याहून संतापजनक आहे : 'विदर्भात कापूस पिकवणारा फास लावून घेतो आहे आणि तुम्ही त्यालाच झोडपता?' फास लावून घेणारा कोण आहे, ते एकदा गावात फिरून बघा. दोन-चार कोरडवाहू एकरांचा धनी, सावकाराच्या दारात उभा राहिलेला. आमच्या वाड्यात तर सावकारीची वेगळी वही होती. त्या गरिबाच्या मढ्याआड आमच्या वाड्याने लपावे, याची मला शिसारी येते.

आज आमच्या जुन्या शिवाराकडे पाहिले तर वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. वारा सुटला की राख उडते आणि उंबऱ्यावर बसते. ती मालकाचा आणि सालदाराचा उंबरा वेगळा ओळखत नाही. पुस्तक मात्र ओळखते.

काकाजी, अजून वेळ गेलेली नाही. सालदाराचे नाव मी इथे लिहिले नाही, कारण ते वापरण्याचा हक्क आपण एकदाच घेतला आणि तोही फसवून. त्याच्या नातवंडांच्या दारी जाऊ, वही त्यांच्यापुढे ठेवू, परवानगी मागू. त्यांनी दिली, तर 14 ऑक्टोबर 1956 च्या खाड्याचे ते पान पुस्तकात पहिले छापा, फेट्याच्याही आधी. प्रस्तावना त्याच दिवशी लिहून देतो.